रोवळी डोक्यावर, अक्षता कुणावर?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पत्र लिहिणाऱ्या २९ वर्षांच्या आहेत, कोल्हापूरच्या, शिरोली एमआयडीसीत नोकरी करतात. त्यांचा जोडीदार ३१ वर्षांचा, त्याचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे. चार वर्षांपूर्वी एका शुक्रवारी मिसळीच्या रांगेत हा गडी डोक्यावर तांदूळ धुवायची रोवळी घालून उभा होता. यांनी विचारलं, “तांदूळ कुठायत?” तो म्हणाला, “अक्षतांच्या वेळी येतील.” तिथून दोघांचं जुळलं. तो ‘पास्ताफेरियन’, म्हणजे उडत्या स्पॅगेटी दैत्याच्या विनोदी पंथातला. हळूहळू याही त्यात आल्या. दर शुक्रवारी शेवया, दर १९ सप्टेंबरला रंकाळ्यावर समुद्री चाच्यांच्या भाषेत गप्पा. गेल्या दिवाळीत त्यानं कणकेची अंगठी देऊन मागणी घातली, यांनी हसत हो म्हटलं.

आता त्याला लग्नही त्याच थाटात हवंय: डोक्यावर रोवळी, साक्षीला स्पॅगेटी दैत्य. मुलीचे आईवडील म्हणतात, लग्न म्हणजे गॅदरिंग नव्हे. मुलाचे वडील हयात नाहीत. “माझ्या दारात दैत्याच्या नावानं अक्षता पडणार नाहीत,” असं त्याच्या आईनं सांगितलं आणि महिनाभर बोलणं सोडलं. त्यातच मामेबहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं ऐकताना पत्रलेखिकेच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हापासून आपण जोडीदाराशी गद्दारी करतोय असं त्यांना वाटतंय. त्या विचारतात: “आमचं प्रेम त्या गमतीपुरतंच तर नाही ना? असलं लग्न कायद्यानं धरतात का? आणि काकूंना, म्हणजे त्याच्या आईला, कसं समजवू?” सही केली आहे: ‘रोवळीवाली’.

प्रिय रोवळीवाली,

तिसरा प्रश्न तुम्ही शेवटी, घाईत लिहिलाय. तुमच्या घरातली गाठ मात्र तिथंच बसली आहे. तिच्याकडं येऊच. आधी कायदा, कारण तो तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच दिलदार आहे.

शेजारच्या खोलीत हे पत्र वाचणाऱ्या काकांसाठी आधी दोन ओळी. २००५ साली अमेरिकेत कॅन्सस राज्याच्या शिक्षण मंडळात वाद चालला होता: शाळेत उत्क्रांतीच्या जोडीनं ‘सृष्टी कुणा बुद्धिमान कर्त्यानं घडवली’ हेही विज्ञान म्हणून शिकवायचं का? बॉबी हेंडरसन नावाच्या भौतिकशास्त्राच्या तरुण पदवीधरानं मंडळाला खुलं पत्र लिहिलं. मग माझंही शिकवा, तो म्हणाला, सृष्टी एका उडत्या स्पॅगेटीच्या गोळ्यानं घडवली आणि तो कुणाला दिसत नाही. त्या उपरोधातून हा पंथ उभा राहिला. डोक्यावरची चाळण ही त्याची खूण, चाचे हे त्याचे संतपुरुष आणि शुक्रवार सुटीचा. मंडळी देवाला हसत नव्हती. श्रद्धा विज्ञानाच्या तासाला बसवू नका, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. हा फरक काकूंना सांगण्यासारखा आहे, पण लगेच नाही.

न्यूझीलंडनं डिसेंबर २०१५ मध्ये या पंथाला लग्न लावायची मान्यता दिली. पुढच्या एप्रिलमध्ये अकारोआ बंदरात चाच्यांच्या वेशातल्या एका जोडप्याचं लग्न लागलं, पास्त्याच्या अंगठ्यांसकट. उलट अमेरिकेत नेब्रास्काच्या एका संघीय न्यायालयानं २०१६ मध्ये ‘हा धर्म नव्हे, विडंबन आहे’ असं ठरवलं. नेदरलँड्सच्या वरिष्ठ प्रशासकीय न्यायालयानंही २०१८ मध्ये सरकारी ओळखपत्रावर डोक्यावर चाळण घातलेला फोटो नाकारला. तिकडं सगळा झगडा एकाच गोष्टीवर चालतो, हा धर्म आहे की नाही. तुम्हीही तोच प्रश्न डोक्यात घेऊन बसलाय. आपल्याकडं लग्नापुरती त्याची गरजच पडत नाही.

विशेष विवाह कायदा १९५४ सालचा. त्याच्या नोटिशीच्या नमुन्यात नाव, वय, व्यवसाय, पत्ता, तिथं किती दिवस राहताय आणि अविवाहित, विधुर की घटस्फोटित एवढंच विचारतात. धर्माचा रकाना त्यात नाही. कलम १२ तर तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे: दोघांना हव्या त्या पद्धतीनं लग्न लावता येतं. अट एकच. विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना, दोघांना कळणाऱ्या भाषेत, ‘मी अमुक, तुला तमुकला कायदेशीर पत्नी, किंवा पती, म्हणून स्वीकारतो’ या अर्थाचं ठरलेलं वाक्य म्हणायचं. बाकी तुम्ही शेवया उधळा नाहीतर शिट्ट्या वाजवा. अकारोआच्या लग्नाआधी पंथाला लग्न लावायची मान्यता मिळावी लागली. तुमचं लग्न सरकारी अधिकारी लावणार, तुम्हाला फक्त ते वाक्य नीट म्हणायचंय. आणि ते न हसता म्हणा. त्या एका वाक्याला तरी गंमत चिकटवू नका.

आता तारखा, कारण गडबड तिथंच होते. दोघांपैकी एकजण नोटिशीआधी सलग ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला हवा. नोटीस नोंदणी व मुद्रांक विभागाच्या विवाह अधिकाऱ्याकडं द्यायची. ती कार्यालयाच्या फलकावर लागते आणि ३० दिवस आक्षेपांची वाट पाहतात. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती बाद होते, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. समजा १ ऑक्टोबरला नोटीस दिली आणि त्याच दिवशी फलकावर लागली, तर ऑक्टोबर संपल्यावर मोकळीक, आणि डिसेंबर संपायच्या आत लग्न. हॉल आधी बुक करून नोटीस नंतर देणारे फसतात, ते याच दोन महिन्यांच्या खिडकीपायी. अधिकारी कार्यालयाबाहेर, हॉलवरही येऊ शकतात. त्याला वेगळा अर्ज आणि जादा शुल्क लागतं, म्हणून नोटीस देतानाच विचारून ठेवा. शुक्रवार तुमचा सणाचा दिवस आणि सरकारचा कामाचा, तेव्हा त्यावरून भांडण नाही. वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, तीन साक्षीदार आणि त्यांची ओळखपत्रं तयार ठेवा. ओळख पटवताना आणि सही करताना रोवळी काढायची, तिथं न्यूझीलंडचे दाखले देऊ नका. (घरच्यांपासून लपवून लग्न करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: फलकावरची नोटीस कुणालाही दिसते, आणि कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर तिची प्रत तिकडंही जाते.)

यात एक खड्डा आहे. पुष्कळ जोडपी रविवारी हॉलमध्ये विधी उरकतात आणि पुढच्या आठवड्यात विशेष विवाह कायद्याखाली ‘लग्न करायला’ जातात. तिथं सही करायच्या प्रतिज्ञापत्रात पहिलंच वाक्य असतं की मी सध्या अविवाहित आहे. रविवारी सप्तपदी झाली असेल तर ते खोटं ठरतं. म्हणून आधी नोंदणी, मग अक्षता, हा क्रम सोडू नका. दुसरा खड्डा याच्या उलट बाजूला. फक्त शेवयांचा सोहळा करायचा आणि ओळखीनं हिंदू विवाह कायद्याखाली प्रमाणपत्र आणायचं. सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलंय की त्या कायद्याखाली विधी झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्रानं लग्न होत नाही. उद्या पासपोर्ट, वारसा, विमा यात कुणी खणून काढलं तर हसू येणार नाही.

‘आम्ही कोणत्याच धर्माचे नाही’ असं लिहायचं का, असंही तुम्ही एका ओळीत विचारलंय. मुंबई उच्च न्यायालयानं २०१४ मध्ये म्हटलंय की धर्म जाहीर करायची सक्ती सरकार कुणावर करू शकत नाही आणि ‘कोणताच नाही’ असं सांगायचा हक्क नागरिकाला आहे. पण या लग्नासाठी त्याची जरूर नाही, उगाच दोन आघाड्या उघडू नका. हिंदू घरात जन्मलेल्या दोघांनी या कायद्यानं लग्न केलं तर १९७६ च्या दुरुस्तीमुळं एकत्र कुटुंबातला हक्कही तुटत नाही. ही भीती दाखवणारा एखादा मामा प्रत्येक घरात असतो.

आता प्रेमाचं. ‘आमचं प्रेम गमतीपुरतंच नाही ना’ हे विचारताना तुम्ही धरून चाललाय की गंमत करणारा माणूस गंभीर नसतो. तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर आहे की तुमच्या वडिलांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा तो सहा रात्री डबा घेऊन आला, दवाखान्याच्या पायरीवर झोपला आणि एकदाही विनोद केला नाही. हे तुम्ही ओघात लिहून गेलात. गमतीमागं काही आहे का, याचा यापेक्षा मोठा पुरावा मागून तुम्हाला काय हवंय?

तरी एक गोष्ट मला खटकते. चार वर्षांत तुम्ही दोघांनी ‘रोवळी काढून’ किती वेळा बोललात? मंगलाष्टकं ऐकून रडू आलं हे तुम्ही मला लिहिलंत, त्याला सांगितलं नाहीत. त्याला काय वाटेल हे तुम्हीच ठरवून टाकलंत, आणि मग स्वतःला गद्दार म्हणवून घेतलंत. या पंथात आज्ञा नाहीत, आठ विनंत्या आहेत: ‘असं केलं नाहीस तर बरं.’ कथेप्रमाणं मुळात दहा होत्या, चाच्यांच्या कप्तानानं डोंगर उतरताना दोन फोडल्या. त्यांतली पहिलीच विनंती अशी की माझी थोरवी सांगताना सोवळेपणा मिरवू नका. शेवयांच्या लग्नाचा हट्ट धरून मंगलाष्टकांना नाक मुरडणं हाच या पंथातला पाखंडीपणा. त्याला हे सांगा, हसेल आणि ऐकेल.

लग्नाआधी चार बैठका करा, प्रत्येकी अर्धा तास. रोवळी नाही, फोन नाही, चहा चालेल. पहिली पैशांची: वर्कशॉपचं कर्ज कुणाच्या नावावर आहे, तुमच्या पगारातलं किती घरात जाणार. दुसरी काकूंची: त्या एकट्या आहेत, कुठं आणि कुणाबरोबर राहणार. तिसरी मुलांची: व्हायला हवीत का, बारसं कोणत्या पद्धतीनं, शाळेत धर्माच्या रकान्यात काय. चौथी बैठक तुमच्यासारख्या जोडप्यांना फार लागते: आपल्यापैकी एकाला चाळिशीत ही गंमत कंटाळवाणी वाटू लागली तर? छंदावर जुळलेल्या सगळ्या जोडप्यांना हा प्रश्न असतो, मग ती ट्रेकिंगची असोत की नाटकाची. विनोदात जुळलेली मंडळी मात्र तो विनोदातच उडवून लावतात. तसं झालं तर बैठक तिथंच थांबवून दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा.

लग्नाचे रस्ते मला तीन दिसतात. तिसरा, म्हणजे सगळंच पारंपरिक करून रोवळी माळ्यावर टाकणं, मी सुचवणार नाही. तुम्ही दोघं तशी नाही आहात आणि वर्षभरात एकमेकांना दोष द्याल. पहिला, शुद्ध शेवयांचा, कायद्यानं चालेल, पण त्यात काकू नसतील. मधला असा: शुक्रवारी सकाळी अधिकाऱ्यासमोर लग्न, ते ठरलेलं वाक्य. त्यानंतर हॉलमध्ये अंतरपाट, मंगलाष्टकं, अक्षता, तुम्हाला हवं तेवढंच. आणि रोवळ्या, चाचे, शेवया हे सगळं आदल्या संध्याकाळी मित्रमंडळींत, चाळीसेक माणसांत. आदल्या रात्री एकमेकांना जी वचनं द्याल ती स्वतः लिहा. आपल्या गावात हे नवं नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला, त्याच वर्षी पुरोहिताविना पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, आणि त्या पद्धतीत वधूवरच एकमेकांना वचनं देतात. १९११ पासून शाहू महाराजांच्या पाठबळानं हा समाज कोल्हापुरात रुजला. तुमच्या आजोळी कुणी जुनं माणूस असेल तर त्यानं असं लग्न पाहिलेलंही असेल, विचारून बघा. तुमची गंमत आणि ते बंड एका पारड्यात घालू नका, त्या लोकांनी किंमत मोजली होती. पण ‘भटजीशिवाय, स्वतःच्या शब्दांत’ हे वाक्य तुमच्या वडिलांना ‘स्पॅगेटी’पेक्षा लवकर कळेल.

काकूंकडं वळू. त्यांचं वाक्य पुन्हा वाचा: ‘दैत्याच्या नावानं.’ इंग्रजीतल्या गमतीच्या शब्दाला तुम्ही मराठीत दैत्य केलंत, आणि तेही करवीरात! कोल्हासुराला अंबाबाईनं मारलं आणि त्याच्या शेवटच्या मागण्यावरून गावाला नाव पडलं, अशी इथली कथा. ललिता पंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर कोहळा फुटतो, ती आठवणही दैत्यवधाचीच. वर्षानुवर्षं ते पाहणाऱ्या बाईला सांगायचं की तुमच्या पोराच्या लग्नाला दैत्य साक्षीला आहे? चूक भाषांतराची आहे, ती सुधारा. ‘शेवयाबाबा’ म्हणा. तसंच प्रार्थनेच्या शेवटी तुम्ही मंडळी ‘रामेन’ म्हणता, म्हणजे जपानी शेवया. माइकवरून ते ‘राम’ असं ऐकू येतं आणि मागच्या रांगेत कुणाला तरी लागतं. ‘चांगभलं’, ‘उदं’ यांनाही हात लावू नका, आणि चाच्याचा वेश करताना सरखेलाचा पोशाख नको. कान्होजी आंग्र्यांना इंग्रज चाचा म्हणत, आपण म्हणत नाही. धार्मिक भावना दुखावण्याचं कलम, भारतीय न्याय संहितेतलं २९९, जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं केलेल्या कृत्यासाठी आहे. तुमचा तसा हेतू नाही. पण हेतू कोर्टात सिद्ध होईपर्यंत फेऱ्या तुम्हालाच माराव्या लागतील, म्हणून आदल्या रात्रीचे व्हिडिओ स्टेटसवर नकोत.

आता सामान. डोक्याचा घेर साधारण ५७ सेंटिमीटर, म्हणजे व्यास १८. आत मऊ कापडाची चुंबळ धरून २२ सेंटिमीटर तोंडाची रोवळी नीट बसते. अल्युमिनियमची घ्या, स्टीलची तासाभरात मान धरते. भोकांच्या आतल्या कडा कानशीनं घासा, नाहीतर केस अडकतात. (लेथवाल्याला हे मी काय सांगू.) मुंडावळ्या कडेच्या भोकांतून छान ओवता येतात. कोल्हापुरी फेट्यावर मात्र रोवळी बसवायच्या फंदात पडू नका. ३० च्या वरचं भांडं लागतं आणि पहिल्या नमस्कारात ते पाहुण्याच्या पायावर पडतं.

अंगठी पुन्हा करणार असाल तर बारीक रवा १०० ग्रॅम, पाणी ४५ ते ५० मिलिलिटर, घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा. बोटाच्या मापाच्या मार्करवर वळा आणि सावलीत दोन दिवस वाळवा. पहिल्या अंगठीला तडा गेला म्हणता, तो उन्हामुळं: बाहेरचा थर आधी आक्रसतो, आतला ओला राहतो. वाळल्यावर बिनरंगी नेलपॉलिशचे दोन हात आतून-बाहेरून द्या, नाहीतर पावसाळ्यात मऊ पडेल आणि कीड लागेल.

जेवणात पास्ता एक पदार्थ म्हणून ठेवलात तर माणशी ४० ग्रॅम कोरडा पुरतो, चाळीस जणांना १ किलो ६०० ग्रॅम. एका किलोला १० लिटर पाणी आणि ८० ते १०० ग्रॅम मीठ, आणि एका वेळी किलोपेक्षा जास्त टाकू नका. पाण्याची उकळी बसली की लगदा होतो. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी काढा, परातीत पसरून तेलाचा हात फिरवा. तांबडा रस्सा यावर ओतायचा मोह आवरा. तो पातळ, पास्त्यावरून घसरून ताटलीत जमतो. सुक्क्याचा दाट मसाला हवा, कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचा. लग्नाच्या पंगतीत मात्र शेवयांची खीरच ठेवा. तुम्हाला तो प्रसाद, काकूंना ती खीर.

आणि पत्रातली एक ओळ. मिसळीच्या रांगेतली ती रोवळी त्याच्या घरचीच, काठावर त्याच्या बाबांचं नाव कोरलेलं, असं तुम्ही कौतुकानं लिहिलंय. ते भांडं काकूंच्या लग्नातलं असणार. नवरा गेल्यावर त्याच्या नावाचं भांडं चार वर्षं दर शुक्रवारी मुलाच्या डोक्यावरून गावभर फिरतंय आणि घरात तांदूळ कशात धुतले जातात, हे कुणी विचारलेलं दिसत नाही. दैत्याचं भाषांतर सुधाराल तेव्हा सुधाराल. आधी ती रोवळी चिंचेनं घासून, त्याच्या हातानं, परत द्या. तुम्ही दोघं भांड्याच्या दुकानातून दोन नव्या आणा आणि काठावर आपली नावं कोरून घ्या. तारीख मात्र नोटीस फलकावर लागल्यावरच कोरा.